किनाऱ्यावरच्या अश्लील वर्तनाची पोलीस नोंद कशी पाहावी: 'प्रकाशित एफआयआर' आणि माहिती अधिकाराचा रिव्ह्यू

तारकर्लीपासून कर्द्यापर्यंत न्याहारी-निवास चालवणाऱ्यांचा आणि ग्रामसभेतला नेहमीचा सवाल: किनाऱ्यावर असले प्रकार होतात, पोलीस काही करतात की नाही? ते तपासायला दोन दारं आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरचं 'प्रकाशित एफआयआर' फुकट आणि झटपट आहे, पण अर्धवट. माहितीचा अधिकार दहा रुपयांत होतो, पण नीट विचारता आलं पाहिजे. पोलिसांनी काय केलं हे कळायला दोन्ही कामाची. 'तो माणूस कोण' एवढ्याचसाठी जाणार असाल तर दोन्हीकडे हेलपाटा ठरलेला.

आधी संकेतस्थळ. जिल्हा सिंधुदुर्ग, पोलीस ठाणे मालवण, तारखा, कॅप्चा, शोधा. तारखांचा टप्पा लहान ठेवा, नाहीतर चोऱ्या-अपघातांच्या ढिगात हवी ती नोंद सापडत नाही. पीडीएफ उघडली की थेट चार रकाने पाहा: २ मध्ये कलमं, ५ मध्ये घटनेचं ठिकाण (ठाण्यापासून दिशा आणि अंतर, म्हणजे तारकर्ली की चिवला हे लगेच कळतं), ७ मध्ये आरोपी, १२ मध्ये फिर्याद. आपल्याला २, ५ आणि १२ पुरे.

काल रात्रीचा प्रकार आज सकाळी दिसला नाही म्हणून लगेच 'दाबलं' म्हणू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालानुसार एफआयआर २४ तासांत चढवायचा असतो; टाळता न येणारी अडचण असेल तर ४८, दुर्गम भागातल्या नेटवर्कमुळे फार तर ७२ तास. लैंगिक गुन्हे आणि पोक्सोचे (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) एफआयआर यातून वगळलेले आहेत. एखादा एफआयआर संवेदनशील म्हणून न चढवण्याचा निर्णय उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याचाच लागतो.

खरी गोची कलमांची आहे. सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य म्हणजे भारतीय न्याय संहितेचं २९६ (१ जुलै २०२४ पूर्वीचं भारतीय दंड विधान, म्हणजे भादंवि, २९४): दखलपात्र, जामीनपात्र, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्यासाठी 'इतरांना त्रास झाला' हे फिर्यादीत यावं लागतं. त्रास झाला म्हणणारा कोणी नसेल तर केस उभीच राहत नाही. नुसतं हातात हात घालून बसलेलं जोडपं यात बसत नाही, मग गावाच्या डोळ्यांना ते कितीही खुपो. बाईला उद्देशून हावभाव असेल तर ७९. आणि दारू पिऊन चाळे करणाऱ्यांवर बऱ्याचदा महाराष्ट्र पोलीस अधिनियम ११०/११७ लावून मोकळं होतात. ती किरकोळ कारवाई एफआयआरच्या यादीत येत नाही. म्हणून संकेतस्थळावर शून्य दिसलं तरी ठाण्यात शून्यच असेल असं नाही.

इथे माहितीचा अधिकार लागतो. जोडपत्र 'अ' (अर्जाचा ठरलेला नमुना), दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. मजकूर असा ठेवा: 'अमुक ते अमुक कालावधीत या ठाण्यात भा.न्या.सं. २९६ व ७९ आणि म.पो.अ. ११०/११७ खाली झालेल्या कारवाईच्या नोंदवहीतील उतारे, नावे व पत्ते झाकून.' 'कारवाई का केली नाही?' असा जाब विचारू नका. या कायद्याने आधीच अस्तित्वात असलेला कागद मिळतो, खुलासा नाही. नवा तक्ता बनवून मागितलात तरी नकार येऊ शकतो, म्हणून उतारेच मागा. पानाला दोन रुपये, मुदत ३० दिवस.

'नावे झाकून' हे शब्द तुम्हीच घातलेत की अर्धी लढाई तिथेच संपते. कलम ८(१)(ञ) मधली वैयक्तिक माहितीची सूट नोव्हेंबर २०२५ पासून आणखी रुंद झाली आहे. सार्वजनिक हिताची वाट ८(२) मध्ये उरली आहे, पण ती पटवून द्यावी लागते. तपासाला बाधा येईल हे ८(१)(ज) चं कारण देऊन सगळाच अर्ज फेटाळला, तर कलम १० दाखवा: झाकण्याजोगं झाकून बाकीचं द्यायचं असतं.

अटक केलेल्यांची नावं ठाण्यात लावायची असतात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ३७), मग ही लपवाछपवी कसली, असं कोणी म्हणेल. तो फलक कोण ताब्यात आहे हे घरच्यांना आणि वकिलाला कळावं म्हणून. गावाने कायमची यादी ठेवावी म्हणून नव्हे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २०१८ पासून आहे, तीही फक्त पोलिसांपुरती. अल्पवयीनाची ओळख उघड करणं तर बाल न्याय अधिनियम ७४ खाली गुन्हाच.

एफआयआरची पीडीएफ गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणाऱ्यांनी आधी ई-कोर्ट्सवर (न्यायालयांच्या संकेतस्थळावर) पोलीस ठाणे, एफआयआर नंबर आणि वर्ष टाकून पाहावं. केस निकाली निघून माणूस सुटलेला असतो आणि इकडे जुनी पीडीएफ फिरतच असते; बदनामीचा दावा मग पाठवणाऱ्यावर.

गुण: संकेतस्थळाला पाचपैकी अडीच, माहिती अधिकाराला साडेतीन. अर्धा गुण अंतरामुळे कापला. पहिलं अपील ३० दिवसांत, दुसरं ९० दिवसांत, आणि ते ऐकणारं राज्य माहिती आयोगाचं कोकण खंडपीठ बेलापूरला. वेंगुर्ल्याच्या माणसाने पहिल्याच अपिलात सगळे मुद्दे लिहून टाकावेत. अपिलाला स्टॅम्प वीसचा लागतो, दहाचा नाही.