सोलमधल्या गाईडेड टूर: वर्षभराचा अनुभव, आणि ते जिनसेंगचं दुकान

आधी भांडणाचं सांगते, कारण त्यामुळेच लिहायला बसले आहे. नाशिकहून मामा-मामी आले, त्यांच्यासाठी रजा काढली आणि एका खासगी कंपनीची दिवसभराची टूर घेतली. सकाळी राजवाडा, दुपारी बुकछॉन वस्तीतली जुनी हानोक (पारंपरिक कोरियन) घरं, शेवटी इन्सादोंगचा बाजार. जेवण झाल्यावर बस थांबली ती जिनसेंग या औषधी मुळाच्या दुकानासमोर. वेळापत्रकात याला 'विश्रांती' म्हटलं होतं. आत एका खोलीत बसवून मुळांचे गुण सांगितले, छोट्या कपात काढा दिला आणि मग एकेकाच्या हातात डबे ठेवायला सुरुवात केली. मामांनी गुडघेदुखीचा विषय काढला मात्र, विक्रेती त्यांच्या शेजारून हलेना. तास तिथेच गेला. बुकछॉनला पोहोचेपर्यंत पाच वाजून गेले होते.

आणि पाचनंतर तिथे जाता येत नाही. ती लोकांची राहती वस्ती आहे. दारासमोरच्या गर्दीला रहिवासी कंटाळले होते, म्हणून नोव्हेंबर २०२४ पासून तिथल्या मुख्य गल्ल्यांत पर्यटकांना सकाळी १० ते संध्याकाळी ५ एवढीच मुभा आहे. मार्च २०२५ पासून नियम मोडल्यास १ लाख वॉन दंड होतो. नियम अगदी योग्य आहे. पण रोज बस भरून माणसं नेणाऱ्या कंपनीला घड्याळ बघता येऊ नये? कोपऱ्यावरच्या कर्मचाऱ्याने आम्हाला परत पाठवलं. कंपनीचं म्हणणं, 'परिसर दाखवला'. कितीतरी ईमेल केल्यावर थोडे पैसे परत आले. उरलेल्या पैशांसाठी मी अजून मागे लागले आहे आणि सोडणार नाही.

चीड जास्त येते ती यासाठी, की याच शहरात फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळणारे गाईड कितीतरी सरस आहेत. ग्यॉन्गबोकगुंग राजवाड्याचं तिकीट ३,००० वॉन, आणि हुंगन्येमुन दरवाज्याच्या आतून निघणारी इंग्रजी टूर त्यातच येते, वेगळे पैसे नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी त्या टूरला नेते. दरबाराच्या अंगणात ओळीने उभे असलेले दगड दाखवून कोणत्या दर्जाचा अधिकारी कुठे उभा राहायचा हे तिथली गाईड समजावते. १३९५ साली बांधलेला हा वाडा १५९२ च्या जपानी स्वारीत जळाला, पुढे पावणेतीनशे वर्षं तसाच पडून होता आणि १८६७ मध्ये पुन्हा उभा राहिला. आज आपण बघतो त्यातला बराच भाग त्याहूनही अलीकडे बांधलेला आहे, हेही ती लपवत नाही. खासगी टूरच्या गाईडने त्याच अंगणात फोटोसाठी दहा मिनिटं दिली होती. मंगळवारी मात्र हा वाडा बंद असतो. छांगदॉकगुंग या दुसऱ्या राजवाड्याची सुट्टी सोमवारी.

शहराच्या पर्यटन विभागाच्या पायी टूरही मोफत आहेत. आगाऊ नोंदणी करावी लागते, एवढंच.

आता जोंगम्योबद्दल. जोसन राजघराण्यातल्या पूर्वजांच्या स्मृतिपाट्या जिथे ठेवल्या आहेत, ते हे देवस्थान. शनिवार-रविवारी मोकळं फिरता येतं, आठवड्याच्या मधल्या दिवसांत सहसा ठरलेल्या वेळेच्या गाईडबरोबरच आत सोडतात. ही सक्ती मला सुरुवातीला अजिबात आवडली नव्हती, १,००० वॉनचं तिकीट काढूनही मनासारखं फिरता येत नाही म्हणून. आता मत पूर्ण बदललं आहे. गाईडशिवाय गेलेले लोक लांबच लांब छपराचा फोटो काढून निघून जातात. आम्हाला गाईडने दारातच थांबवून दगडी वाटेचे तीन पट्टे दाखवले. मधला, किंचित उंच पट्टा आत्म्यांसाठी, म्हणून त्यावर पाय ठेवायचा नाही. मामी लगेच बाजूला सरकल्या आणि बाहेर पडेपर्यंत त्यांनी तो पट्टा सांभाळला. ज्यांना राजवाडे बघून कंटाळा आलाय त्यांनीही इथे जावं, आणि शक्यतो कामाच्या दिवशीच.

छांगदॉकगुंगच्या मागच्या हूवॉन बागेला वेगळे ५,००० वॉन पडतात आणि वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो. आरक्षण सहा दिवस आधी उघडतं, पानगळीच्या दिवसांत जागा पटापट जातात. आयत्या वेळी त्याच दिवसाची काही तिकिटं खिडकीवर मिळतात, सकाळी लवकर रांग लावा. चढउतार आहेत, वयस्कर माणसांना बूट चांगले घालायला सांगा.

किमची (मसाला लावून आंबवलेली भाजी) करायला शिकवणाऱ्या वर्गाला शाकाहारी माणसांनी आधी विचारूनच जावं. मसाल्यात बहुधा मासळीचा रस किंवा खारवलेली कोळंबी असते आणि शिकवणाऱ्यांना त्याचा विशेष उल्लेख करावासा वाटत नाही. त्यापेक्षा बौद्ध मठांचं जेवण बघा. त्यात मांस-मासळी तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. मामींनी सोलमध्ये पहिल्यांदा पोटभर जेवण केलं ते असंच.

खासगी टूरला पैसे मोजावेत ते फक्त उत्तर कोरियाच्या सीमेसाठी, कारण तिथे आपलं आपण फिरता येत नाही. मूळ पासपोर्ट लागतो. उत्तर कोरियाने सीमेखालून खणलेल्या, १९७८ मध्ये सापडलेल्या तिसऱ्या बोगद्यातून वर येतानाचा चढ दमवतो, गुडघे दुखत असतील तर खाली उतरू नका. आणि बुकिंग करण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा, दुकानात थांबणार का आणि किती वेळ. याही टूरमध्ये जिनसेंग घुसडतात. लेखी उत्तर हाती असेल तर पैसे परत मागताना तेच उपयोगी पडतं. माझ्याकडे ते नव्हतं, म्हणून प्रकरण अजून लांबलं आहे.