एपिक गेम्स स्टोअर: उचल मोठी, दुकान बारकं

गुरुवारी रात्री साडेआठला माझा भाचा भरल्या ताटावरून उठतो. ताई ओरडते, तो "आलो गं" म्हणत माझ्या कॉम्प्युटरकडं धावतो आणि डाव्या हातानं माऊस धरून एपिक गेम्स स्टोअर या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातला त्या आठवड्याचा फुकट गेम माझ्या खात्यात टाकतो. दिवाळीनंतर ही वेळ साडेनऊ होते, कारण तिकडं अमेरिकेत घड्याळं मागं घेतात. तेवढे चार महिने ताई सुखानं जेवते.

माझ्या खात्यात असे साडेतीनशेच्या वर गेम साठलेत. त्यातले पैसे देऊन घेतलेले किती, तर तीन. हेडीस, सॅटिसफॅक्टरी आणि ॲलन वेक २. या दुकानाबद्दल मला जे सांगायचंय ते खरं तर एवढ्या हिशोबातच आलं, पण आमच्यासारख्या दुकानदार माणसाला नुसता आकडा सांगून चैन पडत नाही.

दुकानदार म्हणजे, २००६ पासून आठ वर्षं मी मिरजेत स्टेशनजवळ सायबर कॅफे चालवला. अकरा मशीन, काउंटर स्ट्राइक आणि व्हाइस सिटीवर पोरांच्या उड्या. आता तिथंच सीसीटीव्ही आणि कॉम्प्युटर दुरुस्ती करतो. वडील सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या अडत्याकडं दिवाणजी होते. त्यामुळं "कमिशन किती" हा प्रश्न मी जेवणाच्या ताटावर ऐकत मोठा झालो, आणि ६ डिसेंबर २०१८ ला एपिकनं दुकान उघडलं तेव्हा माझं लक्ष आधी गेमकडं नाही, अडतीकडं गेलं.

स्टीम, म्हणजे या धंद्यातलं जुनं आणि मोठं ऑनलाइन दुकान, गेमच्या विक्रीतले हजारातले तीनशे ठेवून घेतं. एपिक म्हणालं, आम्ही एकशेवीस घेऊ. शिवाय गेम त्यांच्याच अनरियल इंजिनवर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरवर, बनवला असेल, तर त्याची पाच टक्के रॉयल्टीही या दुकानातल्या विक्रीवर माफ. त्याच्या आठवडाभर आधीच स्टीमनं नवा दर जाहीर केला होता: एका गेमची विक्री एक कोटी डॉलरच्या वर गेली की पुढच्या विक्रीवर पंचवीस टक्के, पाच कोटींच्या वर वीस. शेजारचा गाळा भाड्यानं गेल्याची कुणकुण लागली की जुना दुकानदार आधी मोठ्या गिऱ्हाइकाला धरून ठेवतो, तसलाच प्रकार वाटला मला. बारक्याला तीस ते तीसच.

इथपर्यंत मी एपिकच्या बाजूनं होतो. मग उचल सुरू झाली.

उचल म्हणजे काय ते आमच्याकडं वेगळं सांगावं लागत नाही. अडत्या शेतकऱ्याला हंगामाआधी पैसे देतो आणि माल त्याच्याच पेढीवर येतो. एपिकनं गेम बनवणाऱ्यांना तेच दिलं: अमुक इतकी विक्री आम्ही धरून चालतो, तेवढे पैसे आत्ताच घ्या, गेम सहा महिने किंवा वर्षभर फक्त आमच्याकडं ठेवा. बॉर्डरलँड्स ३ सहा महिने एकट्याकडं ठेवण्यासाठीच्या करारात एपिकनं १४.६ कोटी डॉलर मोजले. हा आकडा बाहेर आला तो २०२१ साली, ॲपलशी चाललेल्या कोर्टकचेरीत. अशा करारांतले रकमेचे कागद एरवी कुणाच्या दृष्टीला पडत नाहीत, त्यामुळं तो खटला आमच्यासारख्यांना मेजवानीच होता. पहिले अडतीस फुकट गेम वाटायला एपिकला सव्वा कोटी डॉलरपेक्षा कमीच लागले होते, आणि त्यातून पन्नास लाखांच्या आसपास नवी खाती उघडली गेली. एका खात्याला अडीच डॉलरच्या आत! कॅफेच्या जमान्यात पहिला तास फुकट ठेवून मी नवी पोरं आणायचो, मला तो खर्च अजिबात जास्त वाटला नाही. ॲपलच्या वकिलांचं कोर्टातलं म्हणणं असं, की २०२० या एका वर्षासाठी एपिकनं ४४.४ कोटी डॉलरची उचल कबूल केली होती आणि एकूण उचलीतले निदान ३३ कोटी तरी वसूल होणार नाहीत. वडील असते तर म्हणाले असते, "मालकाला हंगाम कळला नाही."

पैसे त्यांचे, बुडाले तर त्यांचे. माझी तक्रार रकमेबद्दल नाही, ती कधी दिली त्याबद्दल आहे.

मेट्रो एक्सोडस घ्या. गेम येणार १५ फेब्रुवारी २०१९ ला. स्टीमवर आगाऊ नोंदणी चालू. जानेवारी संपता संपता, म्हणजे तीन आठवडेही उरले नसताना, जाहीर झालं की गेम आता एपिकवर, स्टीमवर वर्षानं. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना स्टीमवरच मिळाला, ते ठीक. पण हे म्हणजे गाडी यार्डाच्या फाटकात आली, काट्यावर चढणार, तेवढ्यात कुणीतरी ड्रायव्हरच्या कानात सांगून दुसऱ्या पेढीकडं वळवली. अमेरिकेत किंमत साठ डॉलरवरून पन्नासवर आणली, म्हणजे कमी अडतीचा थोडा तरी गुळ तिथल्या गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवला. बाकी बहुतेक ठिकाणी तोही नाही. बॉर्डरलँड्स ३ तर साठ डॉलरलाच आला. माझा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. तीसचे बारा झाले, मधले अठरा बनवणाऱ्याच्या खिशात गेले, त्याला माझी ना नाही. पण मग मी, गिऱ्हाइकानं, माझं नेहमीचं दुकान कशापायी सोडावं?

फिनिक्स पॉइंटची गोष्ट याहून वाईट. २०१७ साली लोकांनी वर्गणी काढून त्या गेमला पैसे दिले होते, बदल्यात स्टीम किंवा गॉग या तिसऱ्या दुकानाची चावी, म्हणजे गेम उघडायचा कोड, मिळेल या शब्दावर. मार्च २०१९ मध्ये कळलं की पहिलं वर्ष फक्त एपिक. ज्यांना नको त्यांना पैसे परत देऊ केले, हे खरं. पण देणगीच्या पावतीवर एक देऊळ आणि बांधलं दुसऱ्याच गल्लीत, असं झाल्यावर पैसे परत देण्यानं राग कुठं जातो?

बॉर्डरलँड्ससाठी मी मार्च २०२० पर्यंत थांबलो, म्हणजे थांबायचं ठरवलं होतं. मध्ये मोह झाला. स्वस्तात चाव्या विकणारी एक साइट सापडली, नाव घेत नाही, निम्म्या किमतीत चावी. आली ती आधीच कुणीतरी वापरलेली. तक्रार केली तर तीन दिवसांनी उत्तर आलं, त्यात माझं नावही चुकलेलं. अक्कलखाती जमा. स्टीमवर गेम आला आणि दहा-बारा दिवसांत लॉकडाऊन लागलं, मग काय, वेळच वेळ.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे आणि मोठी आहे.

ॲलन वेक २. ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, बनवला फिनलंडच्या रेमेडीनं, आणि पैसा पहिल्यापासून एपिकचा. पीसीवर तो फक्त एपिकवर मिळतो आणि स्टीमवर येण्याचं चिन्ह नाही. पण इथं एपिकनं फाटकातली गाडी वळवली नाही, बियाण्यापासून पैसे घातले. असलं विचित्र पीक लावायला दुसरं कोण तयार झालं असतं, मला शंका आहे. भर नाटकात मध्येच गाण्याचा प्रवेश यावा तसा एक भाग त्यात आहे. तो खेळताना मी रात्री दीड वाजता एकटाच टाळ्या वाजवत होतो आणि बायकोनं दार उघडून बघितलं. २०२५ च्या सुरुवातीला रेमेडीनं जाहीर केलं की वीस लाखांवर प्रती खपल्या आणि खर्च भरून निघाला. सव्वा वर्ष लागलं त्याला. स्टीमवर असता तर लवकर निघाला असता असं म्हणणारे म्हणोत. स्टीमवर असता तर तो जन्मलाच असता का, ते आधी सांगा.

हेडीसही तसाच काहीसा. दुकान उघडलं त्याच दिवशी तो कच्च्या अवस्थेत तिथं लागला, वर्षभर तिथंच शिजला, मग डिसेंबर २०१९ मध्ये स्टीमवर गेला आणि सप्टेंबर २०२० मध्ये पूर्ण होऊन आला. बारक्या चमूला वर्षभर शांतपणे काम करता आलं. उचलीचा हा उपयोग मला मान्य आहे. एपिकनं खूप नंतर, २०२५ च्या जूनपासून, दर गेमच्या वर्षाला पहिल्या दहा लाख डॉलरवर अडतच घ्यायची नाही असं ठरवलं. उचलीच्या थैल्या फिरवण्याआधी हे केलं असतं तर बरं झालं असतं.

स्टीमला सोवळं समजणाऱ्यांनीही जरा आठवावं. २००४ च्या नोव्हेंबरात हाफ-लाइफ २ आला तेव्हा डबा दुकानातून विकत घेतला तरी स्टीम टाकल्याशिवाय तो चालत नव्हता. त्या वेळचं नेट आठवा. लोकांनी तेव्हा स्टीमला घातलेल्या शिव्या आज एपिकला घालतात त्याच, शब्द न शब्द. ईए या गेम कंपनीनं २०११ मध्ये ओरिजिन हे स्वतःचं दुकान काढलं आणि मास इफेक्ट ३ स्वतःच्या ओट्यावर ठेवला, २०१९ च्या अखेरीस परत स्टीमकडं आले. यूबीसॉफ्टही रुसून गेले आणि २०२२ च्या डिसेंबरात परतले. बेथेस्डा कंपनीनं तर आपलं लाँचर, म्हणजे स्वतःचं दुकान, गुंडाळलंच. गॉगचं मला कौतुक आहे, तिथं घेतलेल्या गेमची फाईल हार्डडिस्कवर ठेवून द्या, दुकान बुडालं तरी गेम तुमचा. पण तिथं नवा माल उशिरा येतो.

तर प्रश्न असा, की इतकी उचल देऊन लोक एपिककडं का वळले नाहीत? एपिकच्याच आकड्यांवरून बघा. २०१९ साली त्यांच्या दुकानात इतर कंपन्यांचे गेम २५.१ कोटी डॉलरचे खपले. २०२४ साली २५.५ कोटींचे. पाच वर्षं, एवढा माल अडवला, आणि गल्ला जागच्या जागी. पीसीवरची खाती मात्र पावणेअकरा कोटींवरून साडेएकोणतीस कोटींवर. म्हणजे माझ्यासारखे, गुरुवारी येऊन प्रसाद घेऊन जाणारे.

कारण माझ्या भाच्यानं एका वाक्यात सांगितलं. दिवाळीत ओवाळणीचे दोन हजार जमले, ते त्यानं स्टीमच्या वॉलेटमध्ये टाकले. मी म्हटलं, "अरे फुकटचे गेम तर एपिक देतंय तुला." तर म्हणे, "मामा, तिकडं कट्टाच न्हाई ओ."

कट्टा म्हणजे लोकांची परीक्षणं, गेमखाली चाललेली भांडणं, "तिसऱ्या लेव्हलला अडकलोय" म्हटल्यावर कुणीतरी दिलेलं उत्तर, पोरांनी बनवलेले मॉड, म्हणजे गेममध्ये स्वतः केलेले फेरफार. हे एपिकनं बांधलंच नाही, किंवा इतक्या सावकाश बांधलं की लोक कंटाळले. एकापेक्षा जास्त गेम एकदम घ्यायला साधी टोपली लागते की नाही? ती डिसेंबर २०२१ मध्ये आली, दुकान उघडल्यावर तीन वर्षांनी. कॅफेत एसी, कॅरम, बाहेर वडापावची गाडी यातलं काहीच नाही आणि नुसता नवा गेम पहिल्यांदा माझ्याकडं आला, तर पोरं तो संपवून परत जुन्या कॅफेत जातात. हे मी स्वतः भोगलंय. २००९ मध्ये समोरच्या कॅफेआधी नवी ग्राफिक कार्डं आणली होती, पंधरा दिवस गर्दी, मग परत तेच.

भारतातल्या गिऱ्हाइकाला आणखी एक. स्टीमनं २०१५ साली रुपयात भाव लावले, तेव्हापासून इथल्या पोरांची यादी, सवय, मित्र सगळं तिथं रुजलंय. एपिकवरही आता रुपयात भाव दिसतात आणि कधीकधी सेलच्या कूपनमुळं चांगलेच खाली येतात, त्यामुळं घेण्याआधी दोन्हीकडं बघत जा. पैसे परत घ्यायचा नियम दोन्हीकडं सारखाच, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला हवा. खात्याला दुहेरी पडताळणी लावून ठेवा. साडेतीनशे गेम फुकट आले म्हणून ते चोरीला गेले तर वाईट वाटत नाही असं थोडंच आहे.

पाचपैकी तीन तारे. त्यातला दीड एकट्या ॲलन वेकचा, एक गुरुवारचा, आणि उरलेला अर्धा एकशेवीस रुपये अडतीचा. टोपलीसाठी तीन वर्षं थांबवल्याबद्दल एक कापला, मेट्रोची गाडी वळवल्याबद्दल दुसरा. मेट्रो मी शेवटी फेब्रुवारी २०२० मध्ये स्टीमवर घेतला, सेलमध्ये. एक वर्ष उशिरा, पण तोवर त्यातले बरेच बग निघून गेले होते.