मधपेटीचा लोखंडी स्टँड: पेटी कोवळ्या उन्हात आली

माझी मधपेटी भिंतीच्या सावलीत, विटांवर होती. नऊ वाजले तरी दाराशी हालचाल नसे. हा स्टँड घेतला आणि पेटी रोज हातभरच सरकवत उघड्यावर आणली. एकदम लांब हलवली तर माश्या जुन्याच जागी परततात. दार आग्नेयेला केलं. आता सकाळचं ऊन थेट दारावर पडतं नि सातलाच माश्या पायांवर पराग घेऊन येताना दिसतात, काय आनंद होतो! दुपारी मात्र झाडाची सावली हवीच. आतल्या अळ्यांना 34-35 अंश सेल्सिअस लागतं. त्याहून तापलं की कामकरी माश्या मकरंद सोडून पाणी आणण्यात आणि पंखांनी वारा घालण्यात गुंततात. स्टँड भक्कम आहे. पायांखालच्या पाण्याच्या वाट्यांमुळे मुंग्या चढत नाहीत, पण वाट्या फार उथळ, उन्हात लगेच आटतात.