अग्निवीर की बीएसएफ? युद्ध लांबलं तर, हे धरून केलेली तुलना

लातूर, बीड, परभणीकडच्या अकॅडम्यांत पहाटे ग्राउंड मारणारी बरीच पोरं दोन्ही फॉर्म भरतात. एक लष्कराचा अग्निवीर, म्हणजे चार वर्षांसाठी घेतलेला सैनिक. दुसरा कर्मचारी निवड आयोगाचा जीडी कॉन्स्टेबल, म्हणजे बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) आणि इतर केंद्रीय दलांतला शिपाई. दोन्हीकडे नाव लागलं की घरात पगाराची बेरीज सुरू होते. युद्ध लांबलं तर काय, हे कुणी विचारत नाही. मला तोच प्रश्न आधीचा वाटतो.

पैशाचं थोडक्यात. अग्निवीराला पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, म्हणजे सुरुवातीला हातात २१,०००. सरकारही तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. पुढे कायम होतात ते शंभरातले पंचवीसच. बीएसएफ कॉन्स्टेबलचं मूळ वेतन २१,७०० पासून, वर भत्ते, आणि नोकरी साठीपर्यंत. ऊसतोडीला जाणाऱ्या घराला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आता युद्ध. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर चाल केली, तेव्हा मोहीम लवकर उरकेल असा हिशेब होता. सप्टेंबरमध्येच रशियाला तीन लाख राखीव माणसं बोलवावी लागली. युक्रेनने एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या भरतीचं वय २७ वरून २५ वर आणलं. त्याच वेळच्या कायद्यातून ३६ महिन्यांनी घरी सोडण्याचं कलम वगळलं गेलं, आणि पहिल्या दिवसापासून लढणाऱ्यांना परतीची तारीखच उरली नाही. त्याहून मोठी चूक युक्रेनच्या आखणीतली होती. जुन्या, मुरलेल्या ब्रिगेडची (काही हजार सैनिकांच्या तुकडीची) रिकामी जागा भरण्याऐवजी नव्या ब्रिगेड उभ्या केल्या. त्यातल्या १५५ व्या ब्रिगेडचं काही प्रशिक्षण फ्रान्समध्ये झालं होतं, तरी तिच्यातले शेकडो सैनिक पळून गेले. नवख्याच्या शेजारी जुना हवालदार नसेल तर नुसती संख्या मोर्चावर टिकत नाही.

अग्निपथकडे, म्हणजे अग्निवीर भरतीच्या योजनेकडे, मी याच नजरेने पाहतो. प्रशिक्षण जेमतेम सहा-सात महिन्यांचं. खरं शिक्षण युनिटमध्ये, जुन्या माणसांच्या हाताखाली. पोरगा तयार होतो तेवढ्यात चार वर्षं संपतात. त्यात कोविडमुळे दोन वर्षं भरती बंद राहून माणसं कमी झाली होती, तरी २०२२ मध्ये सुरुवात झाली ती ४६,००० जागांनी. माझं ठाम मत आहे की कायम होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं पाहिजे, आणि घरी परतलेल्यांना दरवर्षी सरावाला बोलावणारं राखीव दल हवं. पोराने आणि आईवडिलांनी एवढं ध्यानात ठेवावं: चार वर्षांचा आकडा शांततेतला आहे. युद्धात मुदती बदलतात.

बीएसएफ म्हणजे मागे राहायची सुरक्षित नोकरी, हा समज आपल्याकडे फार आहे. लातूर जिल्ह्यात चाकूरला या दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तयार झालेली पोरं सीमेवरच्या चौक्यांवर जातात. पहिला मारा तिथेच येतो. मे २०२५ मध्ये जम्मूच्या सीमेवर बीएसएफच्या जवानांनीही प्राण दिले. फरक जिवाच्या जोखमीचा कमी, घराच्या आधाराचा जास्त आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचिनमध्ये वीरमरण आलेला अग्निवीर आपल्या शेजारच्या बुलढाण्याचा. अशा वेळी ४८ लाखांचा विमा आणि इतर एकरकमी मदत मिळते, पण दरमहाची कौटुंबिक पेन्शन नाही. बीएसएफ जवानाच्या घराला ती मिळते. तरुण विधवा आणि म्हातारे आईबाप यांच्यासाठी एकरकमी पैसा आणि महिन्याचा पैसा सारखा नसतो, आणि हा भेद सरकारने मिटवावा असं मला मनापासून वाटतं.

मग निवड कशी करायची? वय अठरा-एकोणीस, घरात दुसरा कमावता, आणि ओढ लष्कराचीच असेल तर अग्निवीर आधी. तिथे वयाची मर्यादा लवकर संपते. नंतर केंद्रीय दलांत माजी अग्निवीरांना आरक्षण आणि वयात सवलत आहे, उलटी वाट मात्र वयामुळे सहसा बंद. घर एकट्यावर असेल, डोक्यावर पीककर्ज असेल, तर जीडीची जागा सोडू नका. मात्र त्या फॉर्ममध्ये दलांचा पसंतीक्रम भरताना बीएसएफ वर टाका. गुण कमी पडले तर दुसरं दलही वाट्याला येतं, त्याचीही तयारी ठेवा.