फील्डवर्कला विद्यार्थी पाठवावेत अशी वास्कोतली संस्था

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्यांची फील्डवर्क सुपरवायझर म्हणून माझं गोव्यातल्या बऱ्याच संस्थांत जाणं होतं. बायणा भागात मुलांसाठी काम करणाऱ्या या छोट्या संस्थेला माझे पूर्ण गुण. इथल्या ताई विद्यार्थ्यांना झेरॉक्स काढायला किंवा खुर्च्या मांडायला लावत नाहीत. आधी गोवा बाल कायदा, २००३ वाचून घेतात, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन आला की पुढे काय करायचं ते समजावतात, मगच वस्तीत नेतात. वस्तीत बरीच घरं कन्नड बोलणारी. कोंकणी-मराठीवर भागेल असं धरून गेलेल्या माझ्या विद्यार्थिनीला त्यांनी पहिला आठवडा नुसतं अंगणवाडीत बसून ऐकायला सांगितलं. मला ते फार पटलं.

रिपोर्ट तर ओळन्ओळ वाचतात. ‘आई बेजबाबदार आहे’ या वाक्याखाली शेरा होता, ‘तू काय पाहिलंस ते लिही.’ इतकं मनापासून शिकवणारं माणूस फील्डवर्कच्या संस्थांत क्वचित भेटतं. बहुतेक ठिकाणी सहीवर भागवतात.

उणीव मोठी आहे: बोलायला बंद खोली नाही. मूल रडायला लागलं तर पडद्यापलीकडे सगळ्यांना ऐकू जातं. याचं काहीतरी व्हायलाच हवं.

विद्यार्थी दोनच घेतात, त्यामुळे जूनमध्येच विचारून ठेवा.