यामाहा आरएक्स १००: दहा महिने आणि सव्वाचार हजार किलोमीटरनंतर

गेल्या दिवाळीच्या आधी कोरेगावच्या एका निवृत्त शिक्षकांकडून १९९४ सालची आरएक्स १०० मोटरसायकल घेतली. एकाच मालकाची गाडी, पुनर्नोंदणी झालेली, कागद पूर्ण, आणि कंपनीचा मूळ सायलेन्सर शाबूत. त्या सायलेन्सरपायीच मी भावात घासाघीस केली नाही. का, ते पुढे सांगतो.

ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली, एस्कॉर्ट्सबरोबरच्या भागीदारीत. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या आसपास. आज हे आकडे कुणाला मोठे वाटणार नाहीत. पण टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. त्यात वजन इतकं कमी. मूठ पिळली की पुढचं चाक हलकं होतं, ते यामुळे.

तिची सगळी ताकद मात्र वरच्या फेऱ्यांत, म्हणजे इंजिन वेगाने फिरत असताना आहे. बाजारात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ती गरीब गाईसारखी चालते, थोडी गुरगुरते. इंजिनला फिरू दिलं की एका टप्प्यावर आवाज बदलतो, घोगरा होता तो स्वच्छ आणि ताणलेला होतो, आणि गाडी एकदम ओढायला लागते. तो टप्पा कानालाच कळतो. साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून निघून यवतेश्वरचा घाट चढताना मी अजूनही त्या क्षणाची वाट बघत असतो.

आता सायलेन्सर. आमच्याकडे आरएक्स घेतली की पोरं आधी सायलेन्सर कापतात, आवाजासाठी. मला हे मनापासून खटकतं. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर पडतो तेव्हा त्याच्यामागे थोडं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रणही निसटतं. सायलेन्सरच्या आतला आकार असा ठेवलेला असतो की दाबाची लाट उलटी फिरते आणि ते मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकलते. म्हणजे तो नुसता धुराचा पाइप नाही, इंजिनचाच भाग आहे. तो कापला की आवाज वाढतो, पेट्रोल वाढतं आणि ओढ जाते. माझ्या मित्राची गाडी कापलेल्या सायलेन्सरची आहे. त्याच चढाला त्याला एक गिअर खाली घ्यावा लागतो. मूळ सायलेन्सरचं एकच काम असतं: दोन-तीन हजार किलोमीटरला आतली जाळी काढून तिच्यावरचा डांबरासारखा काळा थर साफ करायचा. अर्ध्या तासाचं काम, पण त्यानंतर गाडी मोकळा श्वास घेते.

जानेवारीत मोठा खर्च झाला. क्लचप्लेट बदलायला गाडी एका गॅरेजला दिली होती. या गाडीत पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागत नाही, वेगळ्या टाकीतून पंप ते इंजिनला देतो, मूठ जेवढी पिळाल त्या हिशोबाने. काम करताना पंपाची नळी काढली गेली, परत जोडली, पण आतली हवा काढली नाही, त्यामुळे इंजिनला ऑइल पोहोचलं नाही. घाटात तिसऱ्या गिअरला आवाज एकाएकी बारीक झाला, पत्र्यासारखी टिणटिण आली आणि कुणीतरी मागून धरल्यासारखी गाडी दबली. मी क्लच दाबून बाजूला घेतली, म्हणून मागचं चाक जाम झालं नाही. ब्लॉक उघडल्यावर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे दिसले, नखाला लागतील इतके खोल. सिलिंडर बोअर करून (आतून थोडा रुंद कोरून) ओव्हरसाइज पिस्टन टाकला, पहिले पाचशे किलोमीटर हळू चालवली. तेव्हापासून नळी उघडली की पंपातली हवा मी स्वतः काढतो, आणि त्या पहिल्या टाकीला पेट्रोलमध्येही थोडं ऑइल टाकतो.

ब्रेक कमी पडतात. दोन्हीकडे ड्रम, आणि टू-स्ट्रोक असल्याने उतारावर इंजिन वेग फारसा रोखून धरत नाही. कासच्या पठारावरून उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो, तेव्हा वेग आधीपासूनच आवरता घ्या. हेडलाइट रात्रीच्या घाटाला पुरत नाही. अ‍ॅव्हरेज मला घाटात ३२ आणि सपाटीला ४० च्या आसपास मिळतं. इथेनॉलच्या पेट्रोलमुळे कार्बोरेटरमधलं रबर एकदा फुगून ओव्हरफ्लो झाला. आता गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो.

घ्यायची असेल तर थंड गाडी बघायला जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत या. चोक ओढून दोन-तीन किकमध्ये सुरू व्हायला हवी, सुरुवातीचा निळसर धूर थोड्या वेळात विरळ व्हायला हवा. मग स्पार्क प्लग काढून बघा: टोक चहाच्या रंगाचं असेल तर इंजिन नीट जळतंय. पांढरं पडलं असेल तर ते पेट्रोलला उपाशी चाललंय, आणि पुढच्याच घाटात पिस्टन धरू शकतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होऊ शकतो.