शेवटच्या वर्षाचा खगोल प्रोजेक्ट: विभागाची दुर्बीण की टेसचा डेटा?

ग्रहणकारी जोडताऱ्यांवर, म्हणजे आळीपाळीने एकमेकांना झाकणाऱ्या ताऱ्यांच्या जोड्यांवर, काम करायचं ठरलं की लगेच प्रश्न येतो डेटाचा. विभागाच्या छोट्या दुर्बिणीवर रात्री जागवायच्या, की ताऱ्यांचं तेज मोजणाऱ्या नासाच्या टेस उपग्रहाचा तयार डेटा उतरवून घ्यायचा? मी दोन्ही केलंय, म्हणून लिहितो.

टेसची सोय मोठी आहे, यात वाद नाही. २०१८ पासून तो आकाशाची एकेक पट्टी साधारण २७ दिवस बघतो, डेटा सर्वांना खुला असतो आणि पहिला प्रकाशवक्र (ताऱ्याचं तेज वेळेनुसार कसं बदलतं त्याचा आलेख) दुपारी बसलात तर संध्याकाळपर्यंत हाती येतो. आवर्तकाल, म्हणजे जोडीची एक फेरी पूर्ण व्हायला लागणारा वेळ, एका दिवसाच्या अगदी जवळ असेल तर जमिनीवरून पंचाईतच होते. ग्रहण दिवसा लागत असेल तर आठवडेच्या आठवडे ते दिसतच नाही. अशा ताऱ्याला टेसच घ्या.

मीही टेसपासूनच सुरुवात केली आणि अडलो पिक्सेलपाशी. त्याचा एक पिक्सेल आकाशातले २१ आर्कसेकंद व्यापतो (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). माझ्या ताऱ्यापासून जेमतेम १५ आर्कसेकंदांवर दुसरा एक तारा होता, थोडासा मंद. दोघांचा प्रकाश एकाच ढिगात पडत होता. मी टेसच्या पूर्ण चौकटीच्या, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या अख्ख्या भागाच्या, प्रतिमांमधून वक्र काढला होता, त्यात शेजाऱ्याचा वाटा वजा झालेला नसतो. दोन महिने मॉडेल बसवलं, त्रिज्या काढल्या. मग गाईडनी गाया या युरोपीय उपग्रहाचा ताऱ्यांचा कॅटलॉग उघडायला लावला, तेव्हा शेजारी सापडला. गायातल्या तेजावरून त्याचा वाटा वजा करता येतो हो, पण ग्रहण दोघांपैकी लागतंय कुणाला?

टेसचा वक्र कितीही गुळगुळीत असला तरी याचं उत्तर त्यातून मिळेना. शेवटी एका रात्री दुर्बीण लावली. स्क्रीनवर दोन ठिपके स्वच्छ वेगळे होते. दोघांभोवती वर्तुळं काढून मोजत बसलो. पहिला तासभर काहीच नाही. मग शेजाऱ्याचे बिंदू उतरायला लागले, आणि माझा तारा मात्र सरळ रेषेत. दोन महिने मी भलत्याच ताऱ्याच्या त्रिज्या काढत होतो.

दुर्बिणीचा त्रासही आहेच. ढग, दव, आणि संधिप्रकाशातल्या फ्लॅट्ससाठी (एकसारख्या उजळ आकाशाच्या, दुरुस्तीसाठी घेतलेल्या प्रतिमांसाठी) मिळणारी मोजकी मिनिटं. ती हुकली की धुळीची वलयं प्रतिमेतून जात नाहीत. पण कुठला बिंदू ढगामुळे पडला आणि कुठला ताऱ्यामुळे, हे मला माहीत असायचं, कारण मी तिथे होतो.

मुदत जवळ आली असेल आणि तारा विरळ भागातला असेल, तर टेसवर काम भागेल, कदाचित उत्तमही होईल. माझ्यापुरतं म्हणाल तर तारा निवडायला आणि आवर्तकाल काढायला टेस, प्रबंधातला मुख्य वक्र मात्र दुर्बिणीचा. ग्रहणाच्या निदान तासभर आधी मोजायला लागा. आधीचा सपाट भाग हाती नसेल तर ग्रहणाची खोली, म्हणजे तेज किती उतरलं ते, कशावरून मोजणार?